टाचेतला वास

नाकाने हुंगले, बोटांनी चाचपले, जिभेने चाखले, तेवढेच खरे असे मी आयुष्यभर मानत आले. डोंबिवलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवत असे. कवितेत पैंजण वाजले तर ते मला ऐकू येत; रिकाम्या जिन्यावर वाजलेले पैंजण मात्र मी शेजारणीच्या कल्पनाशक्तीच्या खात्यावर टाकून मोकळी होई. या सदरात लिहायला इतका काळ कचरले ती त्यामुळेच. जे घडले त्याला दुसऱ्या कुणाची साक्ष असती, तर मी ती सहज खोडून काढली असती. पण साक्ष माझ्याच नाकाची आहे… आणि माझ्या बोटांची.

एक आधीच सांगून ठेवते. या हकिगतीत सुंदर असे काही नाही. जेवताना वाचू नये.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. आम्ही कल्याणला, रामबागेत राहत होतो — मी, माझे पती सुधीर आणि माझी आई. वडील गेल्यावर आई पेणचे घर बंद करून आमच्याकडे आली होती. जावयाच्या घरी राहतो, हा संकोच तिने कधीच टाकला नाही. पाण्याचे भांडेसुद्धा ती आवाज होऊ न देता ठेवायची. खोकला आला तर पदर तोंडाशी धरायची. तिला जुना मधुमेह होता आणि पावलांची संवेदना जवळजवळ गेली होती. चालता चालता पायातली चप्पल मागे राहायची आणि ही तशीच अनवाणी पुढे निघून जायची.

"पाय दिसतात म्हणून आहेत म्हणायचं," ती हसून सांगे. "नाहीतर त्यांची मला काही खबर नसते."

माझे नेमके उलट होते. माझी उजवी टाच मला क्षणभरही विसरू देत नव्हती. वर्गात तासन् तास उभे राहून ती दुखावली होती. सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल टाकले की टाचेच्या मधोमध कुणीतरी तापलेला खिळा उभा धरून ठेवल्यासारखे होई. बर्फ झाला, चपलेत मऊ पॅड झाले, शेक झाले. शेवटी कुणीतरी ठाण्याच्या, नौपाड्यातल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांचे नाव सांगितले. त्यांनी जर्मनीहून एक यंत्र आणले होते. शॉकवेव्ह थेरपी. तेव्हा हा शब्द आमच्याकडे कुणी ऐकलाही नव्हता.

"विजेचा शॉक नाही हं, मॅडम," डॉक्टर म्हणाले. "हे आवाजाचे ठोके. कातडीला धक्का न लावता आत, दुखऱ्या जागेवर जातात. जुनं दुखणं आपण मुद्दाम डिवचतो, म्हणजे शरीर त्याच्याकडे पुन्हा लक्ष देतं."

मला ते वाक्य आवडले होते. किती निर्मळ वाटले तेव्हा!

आठवड्यातून एकदा, शनिवारी दुपारी जायचे ठरले.

मी पालथी झोपले. विमल नावाची तिथली मदतनीस जवळच्या दिवा गावातून येत असे. गोल चेहऱ्याची, सतत बोलणारी. तिने बाटली पिळून माझ्या टाचेवर जेल ओतले. निळसर, पारदर्शक, गार. तिच्या बोटांखाली ते असे पसरले, जणू एखादी गोगलगाय सावकाश टाचेवरून फिरते आहे. माझ्या मानेवर काटा आला. यंत्राच्या तोंडाशी पाण्याने भरलेली रबरी उशी होती — बेडकाच्या गळ्यासारखी फुगलेली. ती त्या चिकट थरावर दाबून बसवली, तेव्हा 'पच्' असा ओला आवाज झाला.

मग ठोके सुरू झाले. टक्… टक्… टक्… कोरडे, नेमके, हाडाशी बोलणारे.

आणि पहिल्याच ठोक्याबरोबर वास आला.

फुलदाणीत विसरून राहिलेल्या निशिगंधाचे पाणी असते ना — हिरवट, बुळबुळीत — तसा आधी. त्याच्या खाली उन्हात पडलेले मांस. आणि त्याच्याही खाली काहीतरी गोड. फुटून गळू लागलेल्या फणसासारखे. तो गोडवा सर्वांत असह्य होता. तो नाकात थांबत नव्हता. जिभेच्या मुळाशी जाऊन बसत होता, जणू मी ते गिळले होते.

"थांबा!" मी ओरडले. ठोके थांबले. आणि वासही थांबला. विरला नाही, नळ बंद करावा तसा तुटला.

"डॉक्टर, इथे काहीतरी सडलंय."

डॉक्टरांनी हवा हुंगली. "मला तर काही येत नाही. विमल?"

"उंदीर मेला असंल काय, सर?" विमल टेबलाखाली वाकली. "पन मी आत्ताच हितं बसून डबा खाल्ला. भाजी सोडून कायपन वास नव्हता."

यंत्र पुन्हा सुरू झाले. वास पुन्हा आला. मी रुमाल तोंडात कोंबून ते सारे सोसले.

संध्याकाळी घरी आले, तर आई पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिच्या खोलीत नेहमी कापूर, एरंडेल आणि निलगिरी यांचा मिळून एक दाट वास असे; त्या दिवशीही तोच होता.

"दुपारी खाली कुणी मसाला कुटत होतं का गं?" तिने विचारले.

"मी घरात कुठे होते, आई? का?"

"पलंगाला ठोके बसत होते. म्हणजे… पलंगाला नाही म्हणा." ती अडखळली, पाऊल लुगड्याखाली ओढून घेतले, आणि विषय चहाकडे नेला.

पुढच्या शनिवारी मी आधीच बजावले, जेलची बाटली माझ्यासमोर उघडायची. विमलने नवी बाटली उघडली, रबरी उशी स्पिरिटने दोनदा पुसली. मी स्वतः टाच चंदनाच्या साबणाने घासून धुऊन आले होते. काही उपयोग झाला नाही. पहिला ठोका पडला आणि तोच वास; फक्त अधिक पिकलेला.

"मॅडम, तुम्ही कविता शिकवता ना?" डॉक्टर हसत म्हणाले. "तुम्हाला दगडालाही सुगंध येत असेल."

"दुर्गंध म्हणतेय मी, डॉक्टर."

विमलने मात्र माझी बाजू घेतली. ती खरोखरच वाकली आणि माझ्या टाचेजवळ नाक नेऊन हुंगून म्हणाली, "चंदन येतंय, मॅडम. देवाशपथ. देवळात गेल्यावानी."

मला माझ्याच पायाची शिसारी येऊ लागली होती. घरी आल्यावर मी मोरीत बसून टाच वजरीने घासली, इतकी की कातडी लाल झाली.

"आता मला हुंगायला सांगू नकोस," सुधीर दारातून म्हणाले.

"सांगणारच होते."

त्यांनी कपाळाला हात लावला, पण हुंगली. "साबण. फक्त साबण. तू त्या डॉक्टरला सोड आणि नाकाचा डॉक्टर गाठ."

आम्ही दोघेही हसलो. आतल्या खोलीतून आईने हाक मारली. मी गेले, तर तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता.

"आज पुन्हा ठोके बसले," ती कुजबुजली. "उजव्या टाचेत. माझ्या!"

"तुला जाणवलं? टाचेत?"

"हो ना! किती वर्षांनी गं… मला वाटलं, पाय जागा होतोय."

"बघू दे मला."

"काही नाही बघायला. रुईचं पान गरम करून बांधलंय. तुझं ऐकून ऐकून माझीही टाच दुखायला लागली असेल." तिने बाहेर नजर टाकली. "आणि सुधीरराव घरात असताना पाय उघडे काय टाकायचे!"

पायमोजा, त्यावर जुन्या लुगड्याच्या चिंधीची घट्ट गाठ. पेणला माझी आजीही असेच पान बांधत असे. मला त्यात काही वावगे वाटले नाही.

तिसऱ्या शनिवारी मी जाऊ नये असे सुधीर म्हणत होते. पण टाच खरोखर हलकी वाटू लागली होती. सकाळचा तो खिळा बोथट झाला होता. मी गेले. विमलने जेल लावले. ठोके सुरू झाले. वास आला. या वेळी मी डोळे मिटले आणि वर्गात ओळीचा अन्वय लावावा तसा त्या वासाचा लावू लागले. एकेक थर बाजूला केला. सडके पाणी. मांस. तो हिडीस गोडवा. आणि त्या सगळ्याच्या वर, एखाद्या पातळ पडद्यासारखे, आजवर मला न ओळखू आलेले काहीतरी…

कापूर. एरंडेल. निलगिरी.

मी उठून बसले. रबरी उशी पायावरून घसरली.

"झालं नाही अजून, मॅडम!"

"मला घरी जायचंय."

"अवो, पाय तरी पुसून जावा!" विमल मागे धावली. मी थांबले नाही. कल्याणला पोहोचेपर्यंत माझी टाच चपलेत त्या चिकट थरावर घसरत राहिली, आणि प्रत्येक पावलाला पचपचत होती.

आई पडून होती. मी काही न बोलता तिचा पाय मांडीवर घेतला.

"अगं, काय करतेस? नको ना!"

मी गाठ सोडली. चिंधीचे आतले पदर ओले होते. पायमोजा टाचेशी चिकटला होता. तो पाण्याने भिजवून सोडवावा लागला. आत रुईचे पान होते, काळे पडलेले, मऊ, बोट लावताच विरघळणारे. ते बाजूला सरले आणि नौपाड्यातला तो वास, ठोक्यांवाचून, माझ्या घरात उभा राहिला. तोच. कणभरही वेगळा नाही.

टाच अशी उरली नव्हतीच. कडा काळ्या, कोरड्या, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारख्या सुटलेल्या. मध्ये एक खड्डा, राखाडी-पिवळ्या धाग्यांनी भरलेला. आणि त्या धाग्यांतले काही आपापले हलत होते. मला वाटले, माझे हात कापताहेत म्हणून तसे दिसते. हात कापत नव्हते.

"आई… हे काय करून घेतलंस?"

ती भिंतीकडे तोंड करून बोलली. "कुरूप झालं होतं गं छोटंसं. कामवाल्या कुसुमकडून बिब्बा आणवला. सुईवर धरून तापवला, लावला. चटका बसला की काढायचा, एवढंच माहिती. चटका बसेचना… म्हणून अजून धरून ठेवला."

निरोगी माणसाच्या कातडीलाही बिब्ब्याचे काळे तेल जाळते. तो चटका हीच त्याची मर्यादा. जिला चटकाच कळत नव्हता, तिने ती मर्यादा कशी ओळखावी?

"मला का नाही सांगितलंस?"

"सुधीररावांना आणखी एक खर्च," ती म्हणाली. "आणि घाण गं… त्यांच्या घरात ही घाण."

मला उलटी झाली नाही. हे लक्षात ठेवा. मी चिमट्याने ते वळवळणारे जीव एकेक करून वेचले, मिठाच्या पाण्याच्या वाटीत टाकले, आणि मला साधी मळमळही झाली नाही.

कल्याणच्याच एका इस्पितळात तिला त्याच दिवशी दाखल केले. शल्यचिकित्सक स्पष्ट बोलणारे होते. "आणखी उशीर झाला असता तर मी गुडघ्याखाली कापला असता. अजूनही शब्द देत नाही. सडलेलं सगळं खरवडून काढतो. खाली जिवंत मांस धरलं, तर पाय राहील. नाही धरलं, तर नाही."

त्यांनी खरवडले. आम्ही वाट पाहू लागलो. रोज संध्याकाळी सिस्टर पट्टी सोडत, मी त्या खड्ड्यात डोकावून गुलाबी रंग शोधत असे, आणि रोज तो राखाडीच असे. डॉक्टर जखमेची कड दाबून पाहत आणि पुढच्या खाटेकडे वळत; त्याचा अर्थ आईलाही कळत होता.

शनिवार आला. सकाळी आई म्हणाली, "तुझी आजची खेप आहे ना ठाण्याला?"

मी तिला ठोक्यांचे आणि वासाचे सारे सांगितले होते. ऐकून ती घाबरली नव्हती. उलट बराच वेळ स्वतःच्या पावलाकडे बघत बसली होती.

"मी नाही जाणार. तुला ठोके बसतील."

"बसू देत."

"आई, तिथे आता उघडं मांस आहे."

"म्हणूनच जा." तिने माझे मनगट धरले. इतके घट्ट तिने मला लहानपणीही धरले नसेल. "इतक्या वर्षांत त्या पायात दुसरं काही जाणवलं का मला? बिब्बा जाणवला नाही, किडे जाणवले नाहीत, हे सुरीने खरवडतात ते जाणवत नाही. फक्त ते ठोके जाणवले. पाय जायचाच असेल, तर एकदा शेवटचा माझा वाटू दे."

सुधीर तिच्या उशाशी बसले. मी ठाण्याला गेले.

विमलने मला पाहताच बाटली पुढे केली आणि आवाज खाली आणला. "सरांना सांगू नका, मॅडम. तुमाला सारखा वास येतो म्हणून यात केवडा टाकलाय मी. अत्तराची बाटली होती घरी."

केवड्याचा तो तीव्र, डोक्यात जाणारा सुगंध आणि ती गार गिळगिळीत बोटे! मी दात आवळून पालथी पडले. टक्… टक्… टक्… मी वास येण्याची वाट पाहत राहिले. आला नाही. सडके पाणी नाही, मांस नाही, कापूर नाही. केवळ माझी दुखरी टाच आणि केवडा. मला वाटले, संपले. जे काही होते, ते संपले.

इस्पितळात परतले, तेव्हा आई तोंड वेडेवाकडे करून बसली होती.

"शी! काय चोपडलं गं त्या पोरीने टाचेला?" मला पाहताच ती म्हणाली. "गार, बुळबुळीत. गोगलगाय फिरावी तसं. मग लागले ठोके. चांगले लागले. पण ती घाण आधी पुसून काढ बाई."

मी सुधीरकडे पाहिले. "कुणी आलं होतं का?"

"कुणीही नाही. मी चहालासुद्धा उठलो नाही. पट्टीला कुणी हात लावलेला नाही."

गोगलगायीचे मी कुणाजवळही बोलले नव्हते.

सिस्टर पट्टी सोडायला आल्या. बाहेरची पट्टी कोरडी होती, आदल्या संध्याकाळी बांधली तशी. आतली कापसाची घडी उचलली आणि त्यांचा हात थांबला. जखमेवर निळसर, पारदर्शक, काचेसारखा एक थर होता. कात्रीच्या टोकाबरोबर त्याची तार निघाली.

"पुन्हा काही लावलंत ना?" त्या भडकल्या. "रुईची पानं काय, बिब्बे काय… आता हे काय आणखी? डोकी आहेत की नाही तुम्हा लोकांना? शिकलेल्या दिसता!"

"सिस्टर, मी दुपारभर इथून हललो नाही," सुधीर म्हणाले.

डॉक्टर आले. काही जंतूंमुळे पू निळसर दिसतो, असे त्यांनी सांगितले आणि तो थर तपासायला पाठवला. त्यात कुठलाही जंतू वाढला नाही, हे पुढे कळले. पण मला तपासणीची गरज नव्हती. त्यांनी तो कापूस ट्रेमध्ये टाकला, तेव्हा मी त्याला बोट लावले. अंगाच्या उबेतून निघूनही ते गार होते. बोट नाकाशी नेले.

केवडा.

मी तिथल्या मोरीपर्यंतही पोहोचले नाही. भिंतीला धरून, सगळ्या वॉर्डसमोर, पोटात जे होते ते सारे ओकले. सडलेल्या मांसाने, वळवळत्या किड्यांनी मला जे झाले नव्हते, ते त्या स्वच्छ, सुवासिक, निर्जंतुक थराने झाले. आईचे सडणे माझ्याच घरचे होते. त्याला मी हात लावू शकत होते. हे कुठून आले होते? माझ्या टाचेवर लावलेली वस्तू कुठल्या वाटेने गेली, मध्ये कशाकशातून गेली, आणि तिला तो खड्डा कुणी दाखवला? अजूनही केवड्याचे पान हारात दिसले, तरी माझ्या तोंडाला पाणी सुटते — ओकारीआधी सुटते तसे.

त्यानंतर दोनच दिवसांनी जखमेच्या कडेला गुलाबी रेघ दिसली. पाय राहिला. टाचेच्या जागी एक वाटीएवढा खळगा घेऊन आई पुढे चालू लागली, खास बनवलेल्या चपला घालून. डॉक्टरांनी श्रेय औषधांना दिले. तेच योग्य असेल. माझी टाचही बरी झाली. मी त्या यंत्रापाशी पुन्हा गेले नाही. ज्यांना ज्यांना हे सांगितले, त्यांच्यापैकी एकाने आईच्या मनाचे खेळ म्हटले, दुसऱ्याने माझ्या. कापसाला लागलेला केवडा मात्र दोघांनीही हिशेबात धरला नाही.

आईचे पाऊल पुन्हा मुके झाले होते. कधीकधी संध्याकाळी, सुधीर घरी यायच्या आधी, ती पाय माझ्या पुढ्यात सरकवायची.

"ठोक बघू जरा."

मी मूठ वळून त्या खळग्याच्या कडेवर हलकेच ठोकत असे. टक्, टक्, टक्. ती डोळे मिटून, मान किंचित कलती करून, दूरची हाक ऐकावी तशी थांबायची.

"काही नाही गं," म्हणायची, आणि पाय लुगड्याखाली ओढून घ्यायची.

मी हात धुवायला उठे. साबण लावी, बोटे नाकाशी नेई. कसलाही वास नसे. तरी पुन्हा साबण लावी.